कासिल्दाची चकाकी

लास आनिमासमध्ये दगड कापणारी घरं पुष्कळ होती, पण चकाकी म्हटली की लोक कासिल्दाचंच नाव घ्यायचे. टेकडीवरच्या खाणीतून निघणारा जास्पर दगड मुळात दिसायला अगदी सामान्य. चिखलात लोळवलेल्या बटाट्यासारखा. कासिल्दाचा नवरा एवोदियो तो अंगणातल्या करवतीवर चिरायचा, तेव्हा त्याच्या पोटातले गुलाबी, फिकट हिरवे, सायीच्या रंगाचे गोल गोल डोळे उघडे पडायचे. पण नुसत्या चिरलेल्या दगडाला तेज नसतं. ते यायचं मागच्या खोलीत, कासिल्दाच्या हाताखाली.

त्या खोलीत एवोदियोला मज्जाव होता. लग्न झालं, मुलगी झाली, ती मुलगी शिकून ग्वादालाहाराला नोकरीला लागली, तरी हा नियम काही बदलला नाही. करवतीची भरड पूड एवोदियोच्या बाह्यांत, टोपीच्या घडीत, आणि सगळ्यात जास्त त्याच्या झुबकेदार मिशीत बसलेली असायची. तिचा एक कण जरी कासिल्दाच्या चामड्याच्या चाकावर पडला, तरी दिवसभराच्या कामावर ओरखडे उठायचे.

"तिथूनच बोल, म्हाताऱ्या," ती आतून ओरडायची. "मिशीत अख्खी खाण घेऊन फिरतोस."

"अगं, कॉफी आणलीय."

"ठेव उंबऱ्यावर. आणि फुंकर मारू नकोस!"

मग तो पेला उंबऱ्यावर ठेवून थोडा वेळ दाराशी रेंगाळायचा. आत चाकाची घरघर चाललेली असायची, आणि पाठमोऱ्या कासिल्दाची वेणी हलत असायची. ती नेमकं काय करते, हे त्याला कधी कळलं नाही आणि त्यानं कधी विचारलंही नाही. आपण चिरायचं, तिनं चमकवायचं. संसाराची ती वाटणीच होती.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत कासिल्दा सकाळी तव्यावर मक्याच्या तोरतिया भाजत होती. एवोदियो अंगणात होता. करपल्याचा वास आला म्हणून तो आत आला, तर ती तव्यासमोर उभी राहून त्या काळ्या पडलेल्या तोरतियाकडे नुसती बघत होती. "अगं, जळतंय ना," तो म्हणाला. तिनं मान वळवली, आणि तिच्या तोंडाची एक बाजू वळलीच नाही.

गावातल्या एकाच्या पिकअपमधून तिला शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. जीव वाचला. पण घरी परत आली ती उजवा हात मांडीवर ठेवून. तो हात असा पडलेला असायचा, जसा दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलाय. आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं गेलं नाही, एक शब्द उरला. मंगळवार.

पाणी हवं असलं तरी मंगळवार, नको असलं तरी मंगळवार. मंगळवारच का, ते कुणालाच उमगलं नाही. अर्धांगाचा झटका आला तो दिवस मंगळवार नव्हता, लग्नाचा नव्हता, मुलीच्या जन्माचाही नव्हता. डॉक्टर म्हणाले, कधीकधी एखादा शब्द असा जिभेवर अडकून बसतो. सराव केला की बाकीचे हळूहळू येतात. सुरुवातीला एवोदियोला तो शब्द कानावर आला की रडू यायचं. मग त्याच्या लक्षात येऊ लागलं की तिचे मंगळवार वेगवेगळे आहेत. एक हळू, लांबवलेला, तो "हो". एक तोडून टाकलेला, तो "नाही". आणि नाकातून येणारा एक होता, तो म्हणजे "तुला काही म्हणजे काही कळत नाही". तो तर त्यानं केव्हाही ओळखला असता.

मुलगी नोएमी धावत आली, जमेल तितकी राहिली. जाताना म्हणाली, "पापा, आमच्या तिथं मोठ्या हॉस्पिटलात बोलायला शिकवतात, हाताचे व्यायाम घेतात. मी जागा बघते. पवित्र क्रुसाचा सण झाला की मी आईला घेऊन जाते."

एवोदियोनं मान डोलावली. कासिल्दा भिंतीकडे बघत राहिली.

सण मे महिन्याच्या सुरुवातीला. त्या दिवशी गावातले खाणवाले, दगडवाले सगळे मेस्कितेच्या लाकडाचा क्रूस खांद्यावर घेऊन टेकडीवर चढायचे आणि खाणीच्या तोंडाशी उभा करायचे. क्रुसाच्या मधोमध दरवर्षी एक नवा जास्पर बसवायचा, आणि तो घडवायचा मान पाळीपाळीनं एकेका घराला मिळायचा. त्या वर्षी मान कासिल्दाचा होता. दगडही तिनं केव्हाच निवडून ठेवला होता. गुलाबी, मधे सायीचे डोळे, तळहाताएवढा. एवोदियोनं तो तिच्या देखरेखीखाली चिरला होता आणि त्या भानगडीत भरपूर बोलणी खाल्ली होती.

सण जवळ येऊ लागला तसा हासिंतो घरी आला. हासिंतो म्हणजे नोएमीच्या बाप्तिस्म्यातला धर्मपिता, एवोदियोचा जुना दोस्त. या धर्मनात्यानं ते एकमेकांना कोमपाद्रे म्हणायचे. त्याचाही कारखाना होता आणि त्याची चाकं नवी कोरी होती. तो टोपी हातात धरून उभा राहिला, इकडचं तिकडचं बोलला, मग मुद्द्यावर आला.

"कोमपाद्रे, तो दगड माझ्याकडे दे. मी चमकवून आणतो. नाव कासिल्दाचंच सांगायचं. लोकांना काय कळतंय."

एवोदियोला खरं तर हायसं वाटलं. दगड कासिल्दाच्या मांडीवर होता. अलीकडे ती तो दिवसभर जवळ ठेवायची. तो घ्यायला त्यानं हात पुढे केला. कासिल्दानं डाव्या हाताची मूठ आवळली.

"मंगळवार!"

हासिंतो दचकला. "काय म्हणते?"

"नाही म्हणते."

"अरे, पण मग करणार कोण?"

कासिल्दानं दगड उचलला आणि एवोदियोच्या पोटावर टेकवला. इतका जोरात, की त्याचा श्वास अडकला.

"मी?" एवोदियो म्हणाला. "अगं, मी करवतवाला माणूस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मंगळवार," ती म्हणाली. नाकातून.

हासिंतोनं टोपी डोक्यावर चढवली. "बरं मग," तो दारातून म्हणाला, "देव तुझं भलं करो, कोमपाद्रे." आणि जाता जाता फाटकाशी त्याचं हसू फुटलेलं एवोदियोला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी एवोदियोनं आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, नखं घासली आणि कासिल्दाची खुर्ची मागच्या खोलीच्या दाराशी आणून ठेवली. मग मोठ्या धीरानं उंबऱ्यावर पाय टाकला.

"मंगळवार."

तो थांबला. "आता काय? सदरा धुतलेला आहे. हात बघ."

तिनं डाव्या हाताचं बोट आपल्या वरच्या ओठावर ठेवलं, मग दोन बोटांची कात्री केली.

"नाही हं," एवोदियो म्हणाला. "ते सोडून काय वाटेल ते सांग."

बोटांची कात्री चालूच राहिली.

मिसरूड फुटल्यापासून त्यानं ओठाला वस्तरा लावू दिला नव्हता. लग्नाच्या फोटोत मिशी होती, तिच्यावर गावात विनोद होते. तो अंगणातल्या आरशासमोर बराच वेळ उभा राहिला. मग कात्री चालवली, वस्तरा फिरवला, आणि सोललेल्या कोंबडीसारखा चेहरा घेऊन आत आला. कासिल्दा बघत राहिली. तिनं हातानंच त्याला खाली वाकायला लावलं आणि डाव्या अंगठ्यानं त्याच्या ओठावरची ती पांढुरकी, ऊन न पाहिलेली कातडी हळूच चाचपली. आयुष्यभर ज्याच्यासोबत जेवली-झोपली, त्याचा हा एवढासा भाग ती पहिल्यांदा बघत होती. एवोदियोला उगाच लाजल्यासारखं झालं.

"झालं समाधान?" तो पुटपुटला.

"मंगळवार," ती म्हणाली. हळू, लांबवून.

पहिलं काम त्याला जमलं. दगड लाकडी दांडीला लाखेनं चिकटवायचा, पाण्याची धार सोडायची आणि भरड चाकावर त्याला घुमटासारखा गोल आकार द्यायचा. राकट काम होतं, त्याच्या हाताचं. त्यानंतरची चाकं मात्र नाजूक होत गेली आणि तशी त्याची घाई वाढत गेली. एक चाक झालं की तो पाण्यानं निथळणारा दगड तिच्यासमोर धरायचा. ओला दगड देखणाच दिसतो. "बघ, कसा आरसा झालाय!" कासिल्दा तो पदरासारख्या पुढे आलेल्या एप्रनला पुसायची, खडखडीत कोरडा करायची आणि खिडकीच्या उजेडात तिरपा धरायची. की लगेच त्यावर मांजरानं नखं मारल्यासारख्या रेघा दिसायच्या. दगड परत त्याच्या हातात. मागचं चाक.

"अगं, एवढीशी रेघ कोण बघतंय?"

ती बघत होती.

असं कितीतरी वेळा झालं. प्रत्येक चाक बदलताना हात धुवायचे, दांडी धुवायची, नखांत ब्रश घालायचा. एवोदियोच्या हातांची कातडी धोबिणीसारखी सुरकुतली. पण शेवटी एकदा तिनं कोरडा दगड उजेडात फिरवला, उलटा करून फिरवला, आणि परत मागच्या चाकाकडे बोट दाखवलं नाही. चामड्याच्या चाकाकडे दाखवलं.

एवोदियोची छाती फुगली. आता उरलं काय, तर चामड्यावर पूड लावायची आणि घासायचं. कोणती पूड ते त्याला ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. कासिल्दाच्या नखांच्या कडा कायम हिरव्या असायच्या, चर्चमध्ये जातानाही. त्यानं फळीवरची हिरव्या पुडीची बरणी काढली, पाण्यात कालवली आणि चामड्याला फासली. कासिल्दा तेव्हा खुर्चीत डुलकी घेत होती. तिला जाग आली तोवर तो दगड धुऊन, पुसून, हातात घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा पडला होता.

जास्परला बारीक छिद्रं असतात, डोळ्यांना न दिसणारी. गडद दगडात हिरवी पूड त्यांत बसली तर कळत नाही. हा होता फिकट गुलाबी. त्याच्यावर आता ठिकठिकाणी हिरवे ठिपके उठले होते, जसं एखाद्या तान्ह्या बाळाला भलत्याच रोगाचं पुरळ यावं.

कासिल्दानं दगडाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. बिनमिशीचा, कोपरापर्यंत हिरवा, नाकाच्या शेंड्यावरही हिरवा. तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला. एवोदियो घाबरला, त्याला वाटलं पुन्हा झटका आला. पण ती हसत होती. तोंडाच्या एकाच बाजूनं, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच हसली होती.

"हस, हस," तो रागानं म्हणाला. "दिवस फुकट गेले माझे, आणि तू..." आणि मग त्यालाही राहवेना. दोघं हसत बसली. हसता हसता त्यानं तिच्या हनुवटीवरची लाळ आपल्या हिरव्या बाहीनं पुसली, त्यामुळे तीही हिरवी झाली.

मग सगळं पहिल्यापासून. पुरळ जाईपर्यंत दगड पुन्हा घासला, पुन्हा एकेका चाकावरून आणला. या खेपेला पुडीआधी त्यानं विचारलं. फळीवरचा एकेक डबा काढून तिच्यासमोर धरायचा. "हा?" तोडून टाकलेला मंगळवार. "मग हा?" तसाच. कोकोच्या एका जुन्या डब्यात पांढरी, पिठासारखी पूड होती. तिथं तिनं मान डोलावली. चामडंही दुसरं होतं, खिळ्याला टांगलेलं, कापडात गुंडाळलेलं.

पण चकाकी काही येईना.

रेघ नव्हती, ठिपका नव्हता, आणि तरी दगड मेणचट दिसायचा, साबणाच्या वडीसारखा. एवोदियो पूड वाढवायचा, पाणी वाढवायचा, तासन्‌तास हलक्या हातानं घासत बसायचा. कासिल्दा खुर्चीतून काहीतरी सांगू पाहायची. हवेत मूठ दाबायची, तळहात उताणा करून झटकायची. त्याला काही बोध होत नव्हता. सण तोंडावर आला होता. बाजारात हासिंतो भेटला की विचारायचा, "काय कोमपाद्रे, मिशी गेली, दगड कुठवर आला?"

एका दुपारी चामड्यावरून थेंब उडून त्याच्या डोळ्यात गेला, आणि त्याच वेळी मागून आवाज आला, "मंगळवार. मंगळवार!"

"मंगळवार, मंगळवार!" तो ओरडला. "मला काय कळणार त्यातून? नीट सांग ना काय करू ते!"

बोलला आणि जीभ चावली. कासिल्दानं त्याच्याकडे रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मान खाली घातली आणि आपल्या उजव्या हाताकडे बघू लागली.

एवोदियो अंगणात गेला. काही कारण नसताना करवत सुरू केली, बंद केली. निवडुंगाच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला. शेजारच्या घरातून मक्याच्या आतोलेचा गोड वास येत होता, आणि त्याला आठवलं की सकाळपासून तिला आपण काही खायला दिलेलं नाही. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. शेजारणीकडून पेलाभर आतोले मागून घेऊन तो परत आला, तर दाराशी खुर्ची रिकामी.

ती चाकासमोरच्या स्टुलावर बसली होती. भिंत धरून, टेबल धरून, एकटी चालत गेली असणार. मोटर तिनं डाव्या हातानं सुरू केली होती. पेला ठेवून तो धावला, ती पडेल म्हणून मागून तिला आधार दिला. तिनं मागे न बघता त्याचा उजवा हात ओढून घेतला, दगडाची दांडी त्यात दिली आणि त्यावर आपला डावा हात ठेवला.

आणि दाबलं. एवोदियोनं जेवढा जोर लावायची कधी हिंमत केली नव्हती, तेवढा जोर. पाणी तिनं घातलंच नाही. चामडं ओलसर होतं, ते सुकत चाललं. दगड गरम होऊ लागला. चामडं त्याला पकडू लागलं, ओढू लागलं, जसं खुंटीला बांधलेलं वासरू दावं ओढतं. "लाख वितळेल," तो तिच्या कानाशी म्हणाला, "दगड उडेल." तिनं हात उचलला, एक श्वास घेतला, पुन्हा दाबलं. तिचे डोळे मिटलेले होते. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ती ऐकतेय. चाकाचा आवाज बदलला होता. घरघर जाऊन बारीक, ओढल्यासारखी शीळ आली होती. हीच शीळ इतकी वर्षं उंबऱ्यावर कॉफी ठेवताना त्यानं ऐकली होती, आणि ती मोटरची खोड आहे असं समजत आला होता.

शीळ आली की दाबायचं, दगड तापला की उचलायचा. थोडा दम, पुन्हा शीळ. त्याच्या हातानं हळूहळू तिच्या हाताची चाल पकडली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिनं मोटर बंद केली.

एवोदियोनं दगड एप्रनला पुसला. दगडात खिडकी होती. गजांसकट, बाहेरच्या डाळिंबाच्या फांदीसकट. आणि खिडकीच्या पुढे दोन डोकी, एकावर एक. गुलाबी रंग इतका खोल गेला होता, की त्यात बोट बुडेल असं वाटावं. काठाशी एक छिद्र तेवढं राहिलं होतं, सुईच्या टोकाएवढं. एवोदियोनं नखानं ते दाखवलं आणि मागच्या चाकाकडे पाहिलं. कासिल्दानं मान हलवली. असू दे.

आतोले गार झाला होता. तो तिनं तसाच प्यायला, सगळा.

सणाच्या दिवशी तिला पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवून टेकडीवर नेलं. नोएमी आदल्या दिवशीच आली होती, तीही शेजारी होती. फटाके फुटले, पाद्रीबाबांनी क्रुसावर पवित्र पाणी शिंपडलं, बायकांनी कागदी फुलांच्या माळा घातल्या. मग तामालेची टोपली आणि मेस्कालची बाटली फिरू लागली. दगडवाले मात्र एकेक करून क्रुसापाशी जात होते आणि मान तिरकी करून मधला जास्पर न्याहाळत होते. हासिंतोनं तर चष्मा पुसून घातला. खूप शोधलं, रेघ सापडली नाही. तो पिकअपपाशी आला.

"कासिल्दा, क्रुसाची शपथ आहे तुला, खरं सांग. हे या माणसानं केलं?"

कासिल्दानं तोंड उघडलं. सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होते. तिचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"मिशी," ती म्हणाली.

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग एवोदियोनं आपल्या उघड्या ओठावर हात ठेवला, आणि हसण्याचा असा कल्लोळ उठला की पाद्रीबाबा वळून बघू लागले. नोएमी आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. "मिशी," कासिल्दा पुन्हा म्हणाली, चव घेत. "मिशी."

त्या संध्याकाळी घरी तिघं जेवायला बसली. एवोदियोच्या मनात दिवसभर एकच गोष्ट घोळत होती. त्यानं तोरतियाचा तुकडा मोडला आणि मुलीकडे न बघता म्हणाला, "नोएमी, मी म्हणतो, आता आईला न्यायची काय गरज? बघितलंस ना, बोलायला लागली. इथं काम आहे, मी आहे. मी शिकवीन तिला शब्द."

"पापा, हाताचं काय? तिथं रोज व्यायाम घेतील. जागा मिळालीय, ती सोडली तर परत कधी मिळणार?"

"हाताचं मी बघतो. माझे दोन आहेत ना."

कासिल्दानं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं, तो हात मांडीवरून उचलला आणि टेबलावर, त्याच्या ताटाजवळ ठेवला. बोटं अर्धी मिटलेली होती. नखांच्या कडांची हिरवी रेघ वाढत्या नखाबरोबर पुढे सरकली होती. थोड्या दिवसांत कापली जाणार होती.

तिनं त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. शब्द आला नाही, कुठलाच. पण एवोदियोला इतकं तरी कळू लागलं होतं. तिला त्याचे हात नको होते. तिला तिचा हवा होता.

"बरं," तो म्हणाला. "बरं. मग तुझी निळी शाल बांधतो. तिकडे पावसात गारठा असतो."

बस सकाळी चौकातून सुटायची. ड्रायव्हर फिदेन्सियोनं कासिल्दाला जवळजवळ उचलूनच पहिल्या सीटवर बसवलं. एवोदियो काचेशी उभा राहिला. ती आतून बोट दाखवत होती, आपल्या वरच्या ओठाकडे. "ठेवू की काढू?" त्यानं ओरडून विचारलं. तिनं बोटांची कात्री केली. बस गेल्यावर तो चौकातल्या बाकावर बसून राहिला, कारण घरी जाऊन करायचं काय ते त्याला सुचेना.

करायचं ते शेवटी मागच्या खोलीतच होतं. तो दगड चिरू लागला आणि स्वतःच चमकवू लागला. कधी शीळ यायची, कधी यायची नाही. बरा झालेला कुठला आणि फसलेला कुठला, हे त्याचं त्याला समजेना. तेव्हा त्यानं काही दगड बिस्किटांच्या डब्यात घातले आणि चौकात जाऊन फिदेन्सियोच्या हाती दिले.

"हे कासिल्दाला दे. नोएमी स्टँडवर येईल."

"दगड?" फिदेन्सियो म्हणाला. "लोक बायकोला फुलं पाठवतात, बाबा."

"तू बस चालव."

डबा परत आला तेव्हा प्रत्येक दगडावर लाल गोल काढलेले होते. नोएमीच्या नेलपॉलिशचे. जिथं जिथं रेघ राहिली होती, मेणचटपणा राहिला होता, तिथं तिथं एकेक वेडावाकडा गोल. एका दगडावर तर सगळीकडे लाल फासलं होतं; त्याचा अर्थ एवोदियोला नाकातून आल्यासारखा ऐकू आला. तो मोठ्यानं हसला आणि कामाला बसला. पुढं डबा असाच जात-येत राहिला. गोल कमी होत गेले. रविवारी चौकातल्या दुकानात फोन यायचा, त्यात नवे शब्द यायचे: पाव, जिना, नर्स, गाढव. गाढव कोणाला उद्देशून, ते त्यानं विचारलं नाही.

पावसाळा संपत आला होता तेव्हा डबा परत आला आणि त्यात एक दगड कमी निघाला. लहान, लांबट, हिरवट सायीच्या रंगाचा. एवोदियोनं डबा झटकला, फडकं झटकलं, मग तडक चौकात जाऊन फिदेन्सियोला गाठलं.

"एक कमी आहे."

"मग? मी खाल्ला?"

"डब्याचं झाकण कुणी उघडलं?"

"अरे देवा! दगडांची चोरी, तीही या गावात, जिथं रस्त्याला पडलेत! जा, फोन कर नोएमीला, मग मला फाशी दे."

एवोदियोनं दुकानातून फोन लावला. नोएमीनं ऐकलं आणि हसतच सुटली. "थांबा, तिच्याकडेच देते."

पलीकडे खरखर झाली. मग कासिल्दाचा श्वास.

"एक दगड आला नाही," एवोदियो म्हणाला. "हिरवट. फिदेन्सियोनं कुठं पाडला की काय."

"ठेवला," ती म्हणाली.

"का? रेघ राहिली होती का?"

"नाही." मग थांबून, एकेक शब्द वेचून, "चांगला. माझा."

दुकानात रॉकेल घ्यायला आलेली माणसं उभी होती. एवोदियोनं त्यांच्याकडे पाठ केली.

"आत्ता कुठं आहे?"

"हात. उजवा."

"धरता येतो?"

"पडतो," कासिल्दा म्हणाली. "मग... उचलते."

"उचल हं," तो म्हणाला. "उचलत राहा. मोठा पाठवू का? धरायला सोपा?"

"नको. लहान." पुन्हा शोधाशोध, पुन्हा श्वास. "लहान... अवघड. लहान पाठव."

एवोदियोनं फोन ठेवला आणि बाहेर आला. फिदेन्सियो बसच्या पायरीवर बसून संत्रं सोलत होता.

"सापडला?"

"सापडला," एवोदियो म्हणाला, त्याच्या हातातली संत्र्याची फोड उचलून तोंडात टाकली आणि घाईघाईनं घराकडे निघाला. करवतीखालच्या ढिगात चिमणीच्या अंड्याएवढे तुकडे पडलेले होते, इतकी वर्षं ते तो फावड्यानं उचलून रस्त्याच्या खड्ड्यांत टाकत आला होता. उकिडवा बसून तो त्यातला एकेक तुकडा पाण्यात बुडवून, कोरडा करून, उजेडात धरून बघू लागला.